सहा भोकांचा बोर्ड

कंपनीत सगळे ज्याला मोजपट्टी म्हणत, त्याने सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकशे चौदा सर्किट बोर्ड कागदावर काढले, आणि त्यांतला एकही त्याने काढला तसा कंपनीच्या दारातून बाहेर पडला नाही. एकावर कुणाच्या तरी हट्टापायी दोन बटणं जास्त आली. एक उगाचच त्रिकोणी झाला. एकावर साहेबांच्या वडिलांची जन्मतारीख छापली गेली, आणि तो बोर्ड बसणार होता पाण्याच्या पंपात, जिथे ती तारीख वाचायला पंप दुरुस्त करणाऱ्याशिवाय कुणी फिरकणार नव्हतं. मोजपट्टी दर वेळी मान डोलावायचा, आपल्या टेबलाशी येऊन बसायचा आणि गरज नसताना पेन्सिलीला टोक काढायचा.

आता निवृत्तीला सात महिने उरले होते. निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ मिळणार हे त्याला ठाऊक होतं, कारण सगळ्यांना तेच मिळतं. घड्याळाचं त्याला काही नव्हतं. त्याला फक्त एक बोर्ड हवा होता, आपण काढला तस्सा, कुणाचं बोट न लागलेला. ही इच्छा त्याने बायकोशिवाय कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती, आणि तिच्याजवळ इतक्यांदा बोलून दाखवली होती की ती आता नुसतं "हं" म्हणायची.

मोजपट्टी हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी असायची, आणि ती कारण नसतानाही बाहेर यायची. कँटीनमधलं बिस्कीट पूर्वीपेक्षा दोन मिलिमीटरने आखूड झालंय हे कंपनीत पहिल्यांदा त्यानेच सिद्ध केलं. घरी नवीन कपाट आलं तेव्हा त्याने आधी ते तिन्ही बाजूंनी मोजलं आणि मग बायकोला म्हणाला, "छान आहे."

तर अशा माणसाच्या पुढ्यात एका सोमवारी साहेबांनी स्वतःहून ते काम आणून टाकलं. शाळांकडून, हौशी मंडळींकडून मागणी येत होती. हल्ली लोक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाएवढा संगणकच, घेऊन घरच्या घरी काहीबाही बनवतात. कुणी खोलीचं तापमान मोजतं, कुणी कुंडीतल्या मातीचा ओलावा. पण मोजलेले आकडे ठेवायचे कुठे? वीज गेली की सगळं पुसलं जातं. कॅमेऱ्यात असतं तसलं मेमरी कार्ड जोडता आलं तर काम भागतं; पण कार्डावरच्या त्या बारीक पट्ट्यांना तारा चिकटवायला गेलं की माणूस रडकुंडीला येतो. म्हणून मधे एक बोर्ड हवा होता. त्याच्या एका कडेला कार्ड सरकवायचं सॉकेट आणि दुसऱ्या कडेला हाताला लागतील अशी तारांची भोकं.

"साधा बोर्ड करा, मोजपट्टी," साहेब म्हणाले. "अगदी साधा. पोरंसोरंही वापरतील असा."

साहेबांच्या तोंडून 'साधा' हा शब्द मोजपट्टीने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. त्याने पुन्हा विचारलं नाही. न जाणो, विचारलं तर बदलायचे.

दोन दिवसांत बोर्ड कागदावर उतरला. लांबी पस्तीस मिलिमीटर, रुंदी अठ्ठावीस. कार्ड नाजूक, त्याला तीन पूर्णांक तीन व्होल्ट लागतात आणि बाहेरून बहुधा पाच येतात, म्हणून व्होल्टेज उतरवणारे दोन चिमुकले भाग, एक विजेसाठी, एक इशाऱ्यांच्या तारांसाठी. सोबतीला चार-दोन बारीकसारीक भाग. कडेला ओळीत सहा भोकं. एक विजेचं, एक ग्राउंडचं, चार कार्डाशी बोलायला. प्रत्येक भोकाशेजारी त्याचं नाव. मग मोजपट्टी खुर्चीत मागे टेकला आणि यातून काढून टाकण्यासारखं काही उरलंय का ते शोधू लागला. दुपारचा चहा झाला तरी सापडलं नाही.

बोर्डाच्या पाठीवरही त्याने ती सहा नावं घातली. ही त्याची जुनी सवय. सोल्डर करताना, म्हणजे कथलाने तारा डकवताना, माणूस बोर्ड पालथा करतो आणि मग कुठलं भोक कशाचं हे कळेनासं होतं. "पाठ कोण बघतंय रे?" असं खरेदी खात्यातला खरेदीवाला त्याला गेली वीस वर्षं विचारत होता. "जो जोडतो तो बघतो," असं मोजपट्टी वीस वर्षं सांगत होता.

संध्याकाळी त्याने तो कागद घरी नेला. त्याची बायको शिवणकाम करायची. घराची पुढची खोली म्हणजे तिचा कारखाना होता. तिथे दोन मशीनं, कापडं बेतायचं लांब टेबल आणि भिंतीला खडूच्या खुणा केलेले पुठ्ठ्याचे बेत टांगलेले. तिने ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या आणि कागदाकडे पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच!" मोजपट्टी म्हणाला, आणि ते इतक्या आनंदाने म्हणाला की तिने मशीनवरचा पाय उचलून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मग आता हा कुणाला दाखवू नका," ती म्हणाली.

पण दाखवणं भाग होतं. कंपनीचा नियम असा की समितीने बघितल्याशिवाय बोर्ड कारखान्यात जात नाही. समितीत चौघं होती. एक साहेब. दुसरे भाचेसाहेब, म्हणजे साहेबांच्या बहिणीचे चिरंजीव, जे नुकतेच व्यवस्थापनाचा कोर्स करून आले होते आणि अजून त्या कोर्सच्या धुंदीत होते. तिसऱ्या जाहिरातबाई. आणि चौथा खरेदीवाला, जो मोजपट्टीबरोबरच नोकरीला लागला होता आणि त्याला अरेतुरे करणारा कंपनीत एकटाच उरला होता.

पहिल्या बैठकीत साहेबांनी कागद हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला.

"सुंदर," ते म्हणाले. मोजपट्टीने तिथेच पेन्सिल हातात घेतली, कारण साहेब जे जसंच्या तसं ठेवायचं असतं त्याला कधी सुंदर म्हणत नाहीत. "फक्त हा आपल्या कंपनीचा आहे हे कसं कळणार? आपला सूर्य टाका की कोपऱ्यात. छोटासाच."

कंपनीचं चिन्ह म्हणजे उगवता सूर्य. त्याला किरण चोवीस. सूर्य छोटा केला तर किरण एकमेकांत मिसळून डाग दिसायचा, आणि किरण कमी करायला साहेब तयार होईनात, कारण ते त्यांच्या वडिलांनी मोजून ठेवले होते. शेवटी सूर्य तेवढाच राहिला आणि बोर्ड वाढला.

दुसऱ्या बैठकीत भाचेसाहेबांची पाळी आली. ते मोजपट्टीकडे वळले.

"काका, मला एक सांगा. कार्ड आत गेल्यावर बोर्ड काय करतो?"

"लिहितो."

"हो, पण लिहितो हे दिसतं कुठे? वापरणाऱ्याला वाटायला नको का, की बोर्ड आपल्याशी बोलतोय?"

झालं. बोर्डावर दिवे आले. कार्ड आलं याचा एक, कार्ड गेलं याचा एक, लिहितोय, वाचतोय, थांबलोय, तयार आहे असे मिळून सहा, आणि वर एक सातवा.

"सातवा कशाचा?" मोजपट्टीने विचारलं.

"तो पुढच्या काळासाठी, काका."

तिसऱ्या बैठकीत जाहिरातबाईंनी नावाचा विषय काढला. 'मेमरी कार्ड बोर्ड' हे काही नाव नव्हे, ते नुसतं वर्णन झालं, असं त्यांचं म्हणणं. वर्णन व्हावं म्हणूनच ते ठेवलंय, असं मोजपट्टीचं. बाईंनी ठरवलेलं नाव होतं 'महास्मृती', आणि त्याखाली दोन ओळींत 'तुमच्या आठवणींचं हक्काचं घर'.

"बाई, आठवणी कुठल्या? यात कुंडीतल्या मातीचा ओलावा साठणार आहे."

"मग ती कुंडीची आठवणच झाली की, सर!" बाई म्हणाल्या, आणि साहेबांनी टेबलावर थाप मारली.

खरेदीवाला आतापर्यंत बिस्किटं खात गप्प होता. त्याची अडचण वेगळी होती. त्याच्या गोदामात आठ हजार जुनी कार्ड-सॉकेटं पडून होती. हल्लीची सॉकेटं बोर्डावर नुसती चिकटतात, पण ही जुन्या घाटणीची, नऊ पायांची, भोकांतून पाय पलीकडे काढून सोल्डर करायची. शेजारच्या खोक्यात चार हजार बझर होते. ते ज्या गजराच्या घड्याळासाठी घेतले ते घड्याळ कधी निघालंच नाही.

"अरे मोजपट्ट्या, लाव ना एक बझर. वाजला जरा तर काय बिघडलं?"

"दर सेकंदाला आकडा लिहिला तर दर सेकंदाला वाजेल तो."

"मग काय, चालू आहे हे कळेल की!"

सॉकेटबरोबर त्याने सॉकेटच्या चित्राचा पिवळा पडलेला कागद दिला. त्यावर खरेदी खात्याचा गोल शिक्का होता, 'तपासले'. खरेदीवाला चहाच्या यादीवरही तोच शिक्का मारायचा.

अशा अकरा बैठका झाल्या. साहेबांची सही आली, तीही पूर्ण नावानिशी. लहान मुलांनी बोर्ड तोंडात घालू नये अशी सूचना आली. सगळं मिळून बोर्ड साठ बाय पंचेचाळीस झाला. बिस्किटाएवढ्या कार्डासाठी साबणाच्या डबीएवढा बोर्ड. प्रत्येक बैठकीनंतर चौघांनी एका तक्त्यावर सह्या केल्या. तक्ता भाचेसाहेबांनी बनवला होता आणि त्यात चौदा प्रश्न होते. नववा असा होता, 'सॉकेटच्या पायांची मांडणी मी स्वतः तपासली असून ती योग्य आहे.' तिथेही सगळे न वाचता सही करायचे, कारण तेवढ्यात चहा यायचा.

मोजपट्टीने थेट साहेबांना एकदाच टोकलं. सातव्या बैठकीत.

"साहेब, तुम्ही साधा म्हणाला होतात."

साहेबांना खरोखरच काही कळेना. त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "साधाच आहे की. बघा ना, सहाच तर भोकं आहेत!"

हे मात्र त्याला लागलं. घरी जेवण होताच तो पेन्सिलीला टोक काढत बसला. त्या सगळ्या जत्रेत ती सहा भोकं तेवढी त्याची उरली होती, आणि साहेबांनी नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवलं होतं.

कुठलाही बोर्ड छापायला जाण्याआधी मोजपट्टी एक काम करायचा. बोर्डाचं चित्र खऱ्या मापात कागदावर छापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, आणि खरे भाग त्यात टोचून बघायचा. या वेळीही त्याने सॉकेट टोचून पाहिलं. पाय नऊ, भोकं नऊ, अंतर पट्टीने मोजलं तर केसाचाही फरक नाही. यानंतर तो प्रत्येक पायाचा क्रमांक बोटाने चाचपून पडताळायचा. पण तेवढ्यात दहाव्या बैठकीचं बोलावणं आलं. विषय होता, सूर्याचे किरण सरळ असावेत की किंचित लहरते. तो सॉकेट तिथेच ठेवून उठला. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त किरण उरले होते.

दोन हजार कोरे बोर्ड छापून आले. ते पहिल्यांदा मांडायचं प्रदर्शन नऊ दिवसांवर होतं. सोल्डरच्या टेबलावरच्या मावशींनी पहिले पाच बोर्ड जोडून दिले. मोजपट्टीने कंट्रोलर लावला, कार्ड सरकवलं आणि वीज दिली.

बझर केकाटला. सातही दिवे एकदम लागले, पुढच्या काळासाठीचासुद्धा. आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'कार्ड सापडत नाही.'

"अहो, ते तापलंय बघा," मावशी म्हणाल्या.

मोजपट्टीने कार्ड ओढलं आणि बोट झटकलं. दुसऱ्या बोर्डाचं तेच, तिसऱ्याचंही तेच. त्याने मीटर घेतला आणि एकेक पाय मोजत गेला. पहिल्या पायावर जे यायला हवं ते नवव्यावर येत होतं, दुसऱ्याचं आठव्यावर. त्याने फायलीतून तो पिवळा कागद काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. गोल शिक्क्याच्या शाईखाली बारीक अक्षरांची एक ओळ होती, 'हे चित्र पायांच्या बाजूने पाहिलेले आहे.'

म्हणजे चित्र खालून काढलेलं होतं आणि मोजपट्टीने ते वरून आहे असं समजून बोर्डावर उतरवलं होतं. आरशात दिसावं तसं सगळं उलट. दोन हजार बोर्डांवर.

तो स्टुलावर बसला. शिक्का खरेदीवाल्याचा होता हे खरं, पण कागद त्याच्या हातात होता. अंतरं त्याने दहा वेळा मोजली होती, आणि आपण बघतोय कुठल्या बाजूने हे एकदाही विचारलं नव्हतं. एकशे चौदा बोर्ड दुसऱ्यांनी बिघडवले म्हणून तो सव्वीस वर्षं मनातल्या मनात कुरकुरला, आणि एकशे पंधरावा, शेवटचा, त्याने स्वतःच्या हाताने बिघडवला. त्याला इतकी लाज वाटली की मावशींकडे बघवेना. "कुणाला सांगू नका उद्यापर्यंत," तो म्हणाला. पाचांतला एक बोर्ड, एक कोरा बोर्ड आणि दोन सुटी सॉकेटं त्याने पिशवीत टाकली आणि पाच वाजता घरी निघाला. सव्वीस वर्षांत तो पाचला कधी निघाला नव्हता.

बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे बघून मशीन थांबवलं. त्याने सगळं सांगितलं. पाय, शिक्का, खालून आणि वरून. ती ऐकत होती आणि हातातल्या सदऱ्याची उसवलेली शिवण काढत होती.

"म्हणजे दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्यात तुम्ही," ती म्हणाली.

"काय?"

"अहो, होतं असं. घाईत कापड दुमडायचं राहतं, मग दोन्ही डाव्याच निघतात. शिकाऊ असताना तर दर आठवड्याला व्हायचं माझं."

"मग काय करायचीस? फेकून द्यायचीस?"

"फेकायचं कशाला? उलटवून लावायची. डावी बाही उलटवली की उजवी होते." तिने सदरा बाजूला ठेवला. "एका अंगाला छाप असलेलं कापड असलं तर छाप आत जातो, तेवढंच."

"आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईकाला सांगायचं, अशीच फॅशन आहे."

मोजपट्टी हसला नाही. तो पिशवीकडे बघत राहिला. मग त्याने कोरा बोर्ड काढला, तिच्या कापायच्या टेबलावर ठेवला आणि पालथा केला.

पाठीवर काहीच नव्हतं. सूर्य नाही, सही नाही, महास्मृती नाही. अकरा बैठकांत एकानेही बोर्डाची पाठ बघायला मागितली नव्हती. सगळा हिरवागार पृष्ठभाग होता, सॉकेटच्या नऊ पायांची भोकं, आणि कडेला सहा भोकं, त्यांच्याशेजारी त्याच्या हातची सहा नावं. त्याने सॉकेट उचललं आणि पाठीच्या बाजूने बसवलं. पाय आत गेले. पहिला पाय पहिल्याच्या जागी आला. नववा नवव्याच्या.

"अगं, हे बघ," तो म्हणाला आणि बोर्ड उजेडाकडे धरला. तिने त्याच्यासाठी दिव्याची मान खाली वाकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनी उघडायच्या आधी तो फाटकाशी उभा होता. मावशींनी सॉकेट वरून काढून पाठीवर लावलं. बझर आता बोर्डाखाली आला आणि त्याच्या उंचीने बोर्ड टेबलावर डगमगायला लागला, म्हणून बझर काढावा लागला. दिवे आता टेबलाकडे तोंड करून पेटले असते, आणि टेबलाशी बोलण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून तेही लावले नाहीत. व्होल्टेज उतरवणारे भाग पोटाशी राहिले, ते कुणाच्या वाटेत येत नव्हते. मग कार्ड, मग वीज. आवाज नाही, उजेड नाही. पडद्यावर मावशींच्या खोलीचं तापमान दर सेकंदाला एक ओळ असं खाली उतरत गेलं, आणि कार्ड काढून दुसरीकडे लावलं तर प्रत्येक ओळ त्यात होती.

"बरं वाटतं हो कानाला," मावशी म्हणाल्या.

दहा वाजता मोजपट्टीने समितीपुढे उभं राहून सगळं कबूल केलं. चूक माझी, असंही म्हणाला. साहेब लालबुंद झाले.

"माझा सूर्य खाली गेला? चौकशी झाली पाहिजे! कुणी तपासलं होतं हे?"

भाचेसाहेबांना चौकशीचा फार उत्साह होता. ते धावत जाऊन तक्त्यांची फाइल घेऊन आले आणि मोठ्याने वाचू लागले. प्रश्न नववा. पायांची मांडणी मी स्वतः तपासली असून ती योग्य आहे. खाली चार सह्या. पुढचा तक्ता, पुन्हा चार. भाचेसाहेबांचा आवाज हळूहळू उतरत गेला. चार अकरे चव्वेचाळीस सह्या, त्यांतल्या अकरा पूर्ण नावानिशी. खरेदीवाल्याने पिवळा कागद हळूच ओढून घेतला आणि त्यावर बशी ठेवली.

साहेबांनी फाइल मिटून बाजूला सारली.

"मुळात," साहेब म्हणाले, "चूक झाली असं म्हणता येईल का?"

"अजिबात नाही," भाचेसाहेब म्हणाले. "ही दुसरी आवृत्ती आहे. पहिली आपण बाजारात आणलीच नाही, एवढंच."

"पण सूर्य?"

जाहिरातबाईंनी बोर्ड हातात घेऊन उलटसुलट केला. "साहेब, सूर्य पायाशी आहे. वर काम, आणि त्या कामाच्या पायाशी आपली कंपनी. दिखावा नाही. हल्ली असंच चालतं, अशीच फॅशन आहे."

मोजपट्टीने झटकन खिडकीबाहेर पाहिलं, कारण त्याला बायको आठवली आणि हसू आवरेना. साहेबांचा चेहरा मात्र उजळत गेला. पायाशी कंपनी ही कल्पना त्यांना इतकी पटली की दुपारपर्यंत ती त्यांचीच झाली. खरेदीवाला एकटा उदास होता. त्याचे चार हजार बझर गोदामातच राहणार होते.

प्रदर्शनात साहेबांनी साधेपणावर पाऊण तास भाषण केलं. काय काढून टाकायचं हे ज्याला कळतं तोच खरा कारागीर, असं ते म्हणाले, आणि त्या विचारासाठी त्यांनी भाचेसाहेबांना व्यासपीठावर बोलावून घेतलं. टाळ्या झाल्या. मोजपट्टी मागे, नमुन्यांच्या टेबलाशी उभा होता. टाळ्या त्यानेही वाजवल्या, कारण हात रिकामे होते.

भाषण चालू असतानाच एक शाळेतल्या बाई टेबलाशी आल्या. खांद्यावर दोन पिशव्या, बोटांना खडू. त्यांनी आपल्या पिशवीतून कंट्रोलर काढला, टेबलावरचा बोर्ड उचलला, कडेची नावं वाचली. मोजपट्टी समजावून सांगायला पुढे झाला, पण तोवर त्यांनी सहा तारा लावूनही टाकल्या होत्या. कार्ड सरकवलं. आकडे उमटू लागले. बाईंनी बोर्डाच्या चारी कडांकडे एकदा पाहिलं, काही राहिलं तर नाही ना, अशा नजरेने.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

मोजपट्टी ताठ उभा राहिला. "एवढंच," तो म्हणाला.

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि शाळेसाठी तीस लिहून घ्या म्हणून निघून गेल्या. तो बोर्ड कुणी काढला हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांना ते विचारावंसं वाटलं नाही याचाच मोजपट्टीला जास्त आनंद झाला.

संध्याकाळी त्याने एक बोर्ड घरी आणून बायकोच्या टेबलावर ठेवला. पट्टी खिशातच राहिली. बायकोने हात पुसले, बोर्ड उचलला आणि कापडाचा पोत बघतात तसा अंगठा त्यावरून फिरवला.

"माप जरा सैल आहे," ती म्हणाली. "पण बाकी कागदावर होता तस्सा."

"हो ना?"

"हो."

मग तिने सवयीने तो उलटून पाहिला. सूर्य, चोवीस किरण, सही, महास्मृती, आठवणींचं हक्काचं घर, तोंडात घालू नये. ते सगळं तिने सावकाश वाचलं, बोर्ड पुन्हा सुलट केला आणि त्याच्या हातात दिला.

"अस्तर भडक आहे हो," ती म्हणाली. "पण बाहेरून दिसत नाही."